आई पुस्तक वाचते आहे

३ मार्च

वहिनीनं माझंच पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "हे मात्र वाचू नकोस. दोन दिवस झोप उडाली माझी."

हसू आवरेना. पाणी प्यायच्या निमित्तानं आत पळाले.

दादाच्या घरी कोणालाच ठाऊक नाही. एका घरात राहून आईलाही नाही. पुस्तकावर पुरुषाचं नाव आहे. प्रकाशकांनी सुचवलं आणि मला ते सोयीचंच वाटलं. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणारी, बिनलग्नाची, पन्नाशीकडे झुकलेली बहीण भीतीच्या कादंबऱ्या लिहिते हे कळलं, तर दादा आधी माझंच डोकं तपासून घेईल. आधीची दोन पुस्तकं आली तशी गेली. हे मात्र लोक वाचताहेत. एकमेकांना देताहेत!

जेवताना त्यावरूनच जुंपली. पुस्तकात एक आई आणि एक मुलगी. दोघीच राहतात. मुलगी घर सोडून निघाली की घरात काहीतरी होतं. नळ आपोआप सुटतो, जिन्यावर कोणी पडल्याचा आवाज येतो. मुलगी मागे फिरते. हे कोण करतं ते मी शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. वहिनीचं म्हणणं, मेलेला बाप. दादाचं म्हणणं, असलं वाचून माणसं बिघडतात. पण जिन्याचा प्रसंग त्याला तोंडपाठ! भाची शांतपणे जेवत होती. म्हणाली, "भूतबित काही नाही. आईच करते सगळं."

"काहीतरीच बोलू नकोस," वहिनी म्हणाली. "आई आहे ती."

यावर आमची आई वहिनीला म्हणाली, "मला दे बरं ते पुस्तक."

४ मार्च

आईला म्हटलं, कशाला डोळ्यांना ताण देतेस. म्हणाली, डोळे माझे आहेत.

खरंय. आणि चष्मा मीच करून दिलेला. चांगला करून दिलाय, दुर्दैवानं.

६ मार्च

रोज दुपारी थोडं वाचते वाटतं. मी दुकानातून येते तेव्हा पुस्तक पालथं ठेवलेलं असतं. मी चोरून पान बघते. आज नळाच्या प्रसंगापर्यंत आली आहे. तो प्रसंग वाचून एका बाईंनी प्रकाशकांना कळवलं होतं की त्या आठवडाभर एकट्या न्हाणीघरात गेल्या नाहीत.

आईला विचारलं, कसं वाटतंय?

"वॉशर गेला असेल," आई म्हणाली.

९ मार्च

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक काउंटरखाली मान घालून बसले होते. दाराची घंटा वाजली आणि दचकून त्यांच्या हातातली फ्रेम खाली पडली. काय वाचत होते ते सांगायला नकोच.

मग मलाच समजावू लागले. लेखक भारी आहे, पण याच्या स्वतःच्या घरात काहीतरी गडबड असणार, उगाच नाही असं सुचत. मी काचा पुसत राहिले.

त्यानंतर ते मूळ विषयावर आले. दुसऱ्या शहरातलं दुकान पुढच्या महिन्यात उघडतंय. ते मी चालवावं असं त्यांना अजूनही वाटतं. वर राहायला दोन खोल्या आहेत. पगार वाढेल, शिवाय सगळा कारभार माझ्या हातात. मी नाही म्हणून सांगितलं होतं, तरी पुन्हा विचारलं. "महिनाअखेरीपर्यंत थांबतो. मग दुसरं माणूस बघावं लागेल, ताई."

आईचं कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांनाही आई होती.

१० मार्च

आईला दुकानाबद्दल सांगितलं नाही. सांगून काय होतं ते माहीत आहे.

पहिल्यांदा मी शिकायला बाहेर निघाले होते. बॅग भरली आणि आईच्या छातीत दुखू लागलं. दुसऱ्यांदा चांगली नोकरी आली होती. तेव्हा चक्कर आली, बाथरूमच्या दारात पडली. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. दोन्ही वेळा मी राहिले. ती सोंग करते असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तिला खरंच दुखलं असणार. घाबरूनही माणसाला दुखतं.

दादाला कधी कोणी अडवलं नाही. तो म्हणतो, तुझं आणि आईचं छान जमतं.

१३ मार्च

भाची दुकानात आली, तिचा नंबर वाढला आहे. तपासता तपासता तिनं विचारलं, "आत्या, तुला काय वाटतं? त्या मुलीला माहीत असतं का, की आईच करते?"

म्हटलं, असेल.

"मग राहते कशाला?"

तिला खालची ओळ वाचायला सांगितली. सगळी अक्षरं चुकली.

१५ मार्च

आज आईनं हाक मारली नाही.

हे नीट लिहायला हवं. मी दुसऱ्या खोलीत असले की आई अधूनमधून हाक मारते, "आहेस ना गं?" काम काही नसतं. मी "आहे" म्हणायचं, की झालं. लहानपणापासून हे असंच. मी ओट्याशी असू दे, अंघोळीला असू दे, नाहीतर दार लावून लिहीत बसलेली असू दे.

आज नाही. काल संध्याकाळीही नाही, आता आठवतंय.

पुस्तक उचलून पाहिलं. खूण चौदाव्या प्रकरणावर. उभ्या उभ्याच वाचलं. पुस्तकातली आई वरच्या खोलीतून तेच म्हणते. तेच शब्द, जसेच्या तसे! मुलगी जिन्यात बॅग घेऊन उभी, आणि वरून आवाज येतो, आहेस ना गं? वाचणारे सगळ्यात जास्त घाबरतात ते इथेच. वहिनी म्हणाली होती की तिनं तिथे पुस्तक मिटून ठेवलं.

शप्पथ, लिहिताना लक्षातही आलं नाही. इतकं सहज आलं की वाटलं, आपल्यालाच सुचलं.

१६ मार्च

हाक नाही.

१८ मार्च

घरात नुसता भांड्यांचा आवाज होतो. मीच दोनदा तिच्या खोलीत डोकावून आले. दुसऱ्यांदा ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "काय हवंय?"

काही नको म्हटलं. खरं तर हाक हवी होती. कमाल आहे माझी!

२० मार्च

आईनं पुस्तक संपवलं.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ती येऊन पलंगावर बसली, पुस्तक मांडीवर ठेवलं. मी विचारायची वाट पाहत होती बहुतेक. विचारलं नाही, तेव्हा स्वतःच बोलली. सगळे म्हणतात तेवढं भीतीदायक नाही, पण माणूस चांगलं लिहितो. शेवट तिला पटला नाही. शेवटी मुलगी जाते, पण दारातून परत येते आणि स्वतःच आतून कडी लावते. आई म्हणाली, हे खोटं वाटतं.

"का खोटं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"एवढी शहाणी मुलगी. आईला एकदाही तोंडावर सांगत नाही की मला जायचंय. नुसती बॅग भरते आणि परत रिकामी करते. मग आईला कसं कळणार?"

"कळत होतं तिला."

आई बराच वेळ टॉवेलाची कडा सरळ करत बसली. मग म्हणाली, "हो. कळत होतं."

मी घड्या घालत राहिले. एकाच परकराची तीनदा घडी घातली असेल. काहीतरी बोलायला हवं होतं.

उठताना ती म्हणाली, "त्या आईला त्यानं एवढी चेटकीण केली आहे. ती नुसती घाबरट होती गं. नवरा गेल्यावर तिला रिकाम्या घराची भीती वाटायची. एवढं एक वाक्य घातलं असतं तर चाललं असतं."

चाललं असतं. मला ते सुचलंच नाही. तीन वर्षं त्या बाईबद्दल लिहीत होते आणि ती कशाला घाबरते हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

२२ मार्च

आई सकाळपासून फोनवर. मी आत गेले की थांबते. वहिनीशी बोलत असावी.

मालकांनी आज काही विचारलं नाही. उलट माझ्याकडे बघून हसले. का ते कळलं नाही.

२४ मार्च

दुकानातून आले तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी किल्ली दिली. म्हणाल्या, तुमचे भाऊ गाडी घेऊन आले होते, आई दोन बॅगा घेऊन गेल्या.

फोन केला. आईनंच उचलला. दादाकडची मागची खोली तिनं मागून घेतली आहे. नव्या दुकानाचं मालकांनी भाचीला सांगितलं होतं, तिच्याकडून आईला कळलं. मालकांना परवाच कळवून टाकलंय की मुलगी एक तारखेला रुजू होईल. मला विचारलंसुद्धा नाही! तसं बोलून दाखवलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," आई म्हणाली. "आणि पुढच्या पुस्तकावर स्वतःचं नाव घाल. बापाचं नाव लावायला काय झालं?"

फोन ठेवला. सगळ्या खोल्यांत फिरून आले. आता मला अडवणारं कोणी नाही. भीती वाटते आहे.