शेजारी राहणारे शब्द

प्रिय आई,

"एका अर्थाचे दोन शब्द नसतात गं, एकमेकांच्या शेजारी राहणारे असतात." तुम्ही हे मटार सोलता सोलता म्हणाला होतात. मी तुमच्या घरात सून म्हणून येऊन वर्षही झालं नव्हतं. शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि एका प्रकाशकाने मुलांसाठी इंग्रजी जोडक्रियापदांचा कोश करायला सांगितला होता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी 'ब्रेक डाउन'पुढे लिहिलं होतं, मोडणे, बंद पडणे, कोसळणे, वगैरे. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेल्या तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ते वाचलंत आणि विचारलंत, "मास्तरीणबाई, हा वगैरे कोण? त्याला दारात का उभं केलंय? आत घे आणि नाव विचार." मग म्हणालात, गाडी बंद पडते आणि बातमी ऐकून बाई कोसळते. आता बाई बंद पडली असं म्हणून बघ. मी म्हणून बघितलं आणि आपण दोघी इतक्या हसलो की बाहेरच्या खोलीतून बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हापासून तीच आपली पद्धत झाली. मी इंग्रजी वाक्य सांगायचं, तुम्ही मराठी शब्द द्यायचा, तो वाक्यात घालून मोठ्याने म्हणायचा. वाक्य मोडलं की शब्द बाद. तुमची लाल पेन्सिल कुणाची भीडभाड ठेवायची नाही. आजही मुलं वहीत समानार्थी शब्दांची रांग लावून आणतात तेव्हा मी सांगते, एकेकाला वाक्यात बसवा, बसला तर राहील. वर्गात याला 'आजींची परीक्षा' म्हणतात. कुणाच्या आजी, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

माझं इकडे बरं चाललंय. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तळमजल्याचं घर घेतल्याचा आता फायदा वाटतो. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो प्लंबरने दुरुस्त केला आणि जाताना न्हाणीघरातला बिघडवून गेला. मागच्या खोलीत मी इस्त्रीचे कपडे ठेवायचे, ती रिकामी केली आहे. त्या खोलीचं पुढे सांगते.

आपलं 'पी' अक्षर चालू होतं तेव्हा तुमच्या मुलाने आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं. भांडणं करून आम्ही दोघं थकलो होतो, त्यामुळे ठरवणं शांतपणेच झालं. मी दोन बॅगा घेऊन मैत्रिणीकडे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमचा फोन आला. मला वाटलं, समजूत घालणार, नाहीतर चार शब्द सुनावणार. तुम्ही म्हणालात, "'पुट ऑफ' झालं, 'पुट अप विथ' राहिलंय. गुरुवारी येतेस ना? का तूही पुढे ढकलतेस?" मी आले. बाबांनी दार उघडलं, "आलीस? ती आत वाट बघतेय," एवढंच बोलले आणि पुन्हा आडवे झाले.

त्या गुरुवारी आपण एकच नोंद केली. मी उदाहरण सुचवलं, तो तिचं घोरणं सहन करतो. तुम्ही बाहेरच्या खोलीकडे बोट केलंत, "इथे कोण घोरतंय ते ऐक आणि वाक्य सरळ कर." मग एकेक शब्द आला. सोसणं, म्हणजे दुसरा इलाजच नाही. खपवून घेणं, त्याला हातात थोडी सत्ता लागते. सासू खपवून घेत नाही असं सगळे म्हणतात, सून खपवून घेत नाही असं कुणी म्हणताना ऐकलंयस का, असं तुम्ही विचारलंत. चालवून घेणं, म्हणजे हवं ते मिळालं नाही, जे मिळालं त्यावर भागवलं. शेवटी तुम्ही म्हणालात, सांभाळून घेणं. मी म्हटलं, आई, 'पुट अप विथ'मध्ये एवढी माया नाही. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणालात, "मग त्यात घालू नकोस, खोटं होईल. बाजूला ठेव, कुठेतरी लागेल." मी निघाले तेव्हा भाजीचा डबा माझ्या पिशवीत होता. तुम्ही कधी ठेवलात ते मला कळलंही नाही.

'झेड'पर्यंत मी गुरुवारी येत राहिले. तुमचा मुलगा परदेशी गेला, तिथेच त्याने संसार मांडला, बाबा गेले, आणि आपण 'टेक' आणि 'टर्न' करत राहिलो. आपण एकमेकींच्या आता कोण, हे कुणी विचारलं नाही, कारण टेबलावर काम होतं. मग पुस्तक छापून झालं. त्यानंतरच्या गुरुवारी मी चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि काय सांगून जायचं ते सुचेना. तुम्हीही बोलावलं नाहीत. मग फोन, मग वाढदिवसाचे फोन. आपण दोघी शब्दांच्या बाबतीत जेवढ्या धीट, तेवढ्याच बाकीच्या बाबतीत भित्र्या.

आता पत्र का लिहिते ते सांगते. परवा बाजारात तुमच्या शेजारच्या शिंपीणकाकू भेटल्या. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, घर विकलं, मुलाने तिकडून सगळं ठरवलं, पुढच्या महिन्यात तुम्ही वृद्धाश्रमात जाणार. मी विचारलं, आई काय म्हणाल्या? काकू म्हणाल्या, "काय म्हणणार? खोलीत दोघी असतील, खिडकी दुसरीच्या बाजूला आहे. म्हणाली, चालवून घेईन." आई, तो शब्द मला तुम्हीच शिकवलाय. कुणाचा राग धरून मी हे लिहीत नाही. तुमच्या मुलाला मी कालच फोन केला. त्याचा आवाज ओशाळलेला होता. तो म्हणाला, "तिला पटत असेल तर मला बरंच वाटेल, पण ती तुझं ऐकेल असं वाटत नाही." इतक्या वर्षांनी आमचं एका गोष्टीवर एकमत झालं. तर ती मागची खोली. खिडकी पूर्वेला आहे, पलंगावरून हात पोचेल अशी. टेबल आणि मोठा दिवा आणलाय. प्रकाशकाला नवी आवृत्ती हवी आहे, पण ते निमित्त मी पुढे करत नाही, कारण पुस्तक पुन्हा संपेल. तुम्ही म्हणाल, लोक विचारतील, कुठल्या नात्याने राहतेस? मी सगळी नाती वाक्यात घालून बघितली. सून म्हटलं की वाक्य मोडतं. मुलगी म्हटलं तर तुम्हीच लाल पेन्सिल काढाल. पण शब्द सापडेपर्यंत माणसाने दारात उभं राहायचं का? तुम्ही तर 'वगैरे'लाही आत घेतलं होतंत. तुम्ही बाजूला ठेवायला सांगितलेला तो एक शब्द माझ्याकडे अजून तसाच आहे, आणि मला सांभाळून घेणारं त्या वर्षी दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा विचारलेल्या चहालासुद्धा तुम्ही नाहीच म्हणता. तरी विचारते. तिकडे जाऊ नका, आई. माझ्याकडे राहायला या.

तुमचीच,
मास्तरीणबाई