तिला उताणं निजवताना

१९ डिसेंबर, शुक्रवार

बाबा,

आज ती तीनदा उताणी निजली. सकाळी अंघोळीनंतर वीस मिनिटं, अकराच्या सुमारास दहाच मिनिटं, आणि आता दुपारी अडीचपासून. सव्वातीन झाले आहेत. मधल्या वेळात मी लंगोट धुऊन वाळत घातले, कुकर लावला, सासूबाईंना फोन केला. बाहेर ऊन आहे, घरात मात्र गारवा आहे. खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले आहे, कारण इथून तिचं पोट वर-खाली होताना दिसतं. दोन ओळी लिहिते आणि वर पाहते.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लग्न होऊन आर्णीला आले तेव्हा फोन होते, आणि फोनवर तुम्ही "बरी आहे ना?" एवढं विचारून आईकडे द्यायचात. मीही "बरी आहे" म्हणायचे. आपल्या दोघांचं बोलणं बहुतेक तेवढंच. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर ही मुलगी झाली, साडेतीन महिन्यांपूर्वी. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते.

ती खांद्यावर निजते, मांडीवर निजते. मालीश करताना पायांवर पालथी घातली की तिथंच तिचे डोळे मिटायला लागतात. पण पाठ अंथरुणाला टेकली की दोन्ही हात एकदम वर उडतात, चेहरा लाल होतो, आणि रडून ती घर डोक्यावर घेते. लसीच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. वयानं लहान आहेत, पण ठामपणे बोलतात. म्हणाल्या, "उताणंच निजवायचं. दिवसा पण, दहा मिनिटांसाठी पण. पालथं नाही, कुशीवर नाही. खाली टणक आणि सपाट पाहिजे. उशी नको, मऊ गादी नको, तोंडाजवळ दुलई नको. जागी असेल आणि तुम्ही समोर बसल्या असाल तर पोटावर खेळू द्या, तेव्हा मान धरायला शिकते." मी विचारलं, "नाहीच निजली तर?" त्या म्हणाल्या, "रडेल. तुम्ही थकाल. तरी उताणं." मग म्हणाल्या, "लहान लेकराचं नाक दबलं तर त्याला मान वळवता येत नाही, ताई. आवाज पण येत नाही." ते शेवटचं वाक्य त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. आवाज येत नाही. म्हणजे शेजारी बसून भाजी निवडत असले तरी मला कळणार नाही.

सासूबाई बाळंतपणापासून इथंच होत्या. त्यांना हे पटत नव्हतं. "लेकरू पोटावर निजलं का गॅस मोकळा होते," त्या म्हणायच्या. "आमी तिघं पालथेच निजवले. तुया नवराच पाह्य ना, काय झालं त्याले?"

"झालं ना," मी म्हटलं. "घोरतात."

त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तसा त्यांचा जीव आहे तिच्यावर. दिवाळीनंतर महागावला शेतावर गेल्या आणि पहिल्या वेचणीचा कापूस, सरकी काढून, पिंजून घेऊन आल्या. त्याची पाळण्याएवढी गादी शिवली. पांढऱ्या मलमलची, कडेनं लाल टाके. हात ठेवला की मनगटापर्यंत आत जायचा. मला म्हणाल्या, "आता पाह्य कशी निजते ते. तुया बापानं आंदणात सारं देल्लं, गादी तेवढी नाही देल्ली. माया नातीले तरी असू दे."

आंदणाचं ते बोलणं मी चौदा वर्षं ऐकते आहे, बाबा. तुम्ही कपाट दिलं, भांडी दिली, सागवानी पलंग दिला आणि पलंगावर घालायला सतरंजी दिली. सासरी बायका पलंगाभोवती उभ्या राहून म्हणाल्या, "कापसाच्या मुलखातली सून, अन् गादी नाही आली." मी मान खाली घालून उभी होते. तुम्ही जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होतात, रोज शेकडो मण कापूस तुमच्या समोरून जायचा. आपल्या घरात मात्र सगळे सतरंजीवर निजायचे. मला वाटायचं, तुम्ही चिक्कू आहात. कोणापाशी बोलले नाही, पण वाटायचं.

आणि ती थापड. मी सहा वर्षांची आहे. पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरला आहे, भाव यायची वाट पाहत. थंडीचे दिवस आहेत आणि कापसात ऊब असते. मी खेळता खेळता त्यात शिरते आणि तोंड खुपसून झोपते. पुढचं एवढंच आठवतं, की कोणीतरी दंडाला धरून मला बाहेर ओढलं, आणि डोळे उघडायच्या आत गालावर बसली. समोर तुम्ही होतात. तुमच्या केसांत, भुवयांत जिनातली रुई होती. "कापसात तोंड घालून निजते? कापसात?" एवढंच म्हणालात, आणि सायकल तशीच आडवी टाकून मागच्या अंगणात निघून गेलात. त्याआधी तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. संध्याकाळी तुम्ही आईकडून मला गूळ-शेंगदाणे पाठवलेत. मी खाल्ले नाहीत.

आता मागच्या शनिवारचं लिहिते.

हे मुकुटबनकडच्या एका शाळेत शिक्षक आहेत, आठवडाभर तिथंच राहतात आणि शनिवारी दुपारी येतात. त्या आठवड्यात ती सलग अर्धा तासही निजली नव्हती. मी चालता चालता भिंतीला खांदा घासत होते. त्या दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. मी पाळण्याची गादी काढून आमच्या पलंगावर ठेवली आणि तिला त्यावर पालथी घातली. दहा मिनिटं, असं ठरवलं होतं. मी शेजारी बसून राहीन, असंही ठरवलं होतं. ती लगेच शांत झाली. घरात इतकी शांतता किती दिवसांनी झाली होती.

मला जाग आली ती यांच्या आवाजानं. यांनी तिला उचललं होतं. तिचं नाक दबून चपटं झालं होतं, गालावर मलमलच्या सुरकुत्या उमटल्या होत्या, कपाळ घामानं चिंब होतं. एका क्षणासाठी तिची मान यांच्या हातावर नुसतीच लोंबत होती. मग ती रडली. बाबा, ते रडणं ऐकेपर्यंतचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. तो माझ्यासाठी अजून संपलेला नाही. लंगोट पिळताना, पोळी लाटताना मध्येच ती मान दिसते आणि मी हातातलं टाकून खोलीत येते.

सासूबाई आवाज ऐकून दारात आल्या. हे त्यांच्यावर ओरडले. "आई, कितींदा सांगतलं तुले? डॉक्टर नाही म्हणते तरी पालथीच घालतं? तुयीच हौस, ही गादी!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पलंगावर बसले होते, पदर सावरत होते. त्यांना ठाऊक होतं. त्या तासाभरात त्या स्वयंपाकघरातून उठल्यासुद्धा नव्हत्या, शेंगांची टोपली तशीच अर्धी होती. मी आता बोलेन म्हणून त्या थांबल्या असतील. मग म्हणाल्या, "चुकलं बाप्पा. म्हातारीचं ध्यान नाही राह्यलं." आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला माणसं नाहीत असं कारण काढून मोठ्या दिरांकडे महागावला गेल्या. हे त्यांना एसटीवर सोडून आले. वाटेत मायलेक बोलले नाहीत, असं यांनीच मला सांगितलं.

मंगळवारी मी आईला फोन केला. तिचे गुडघे धरले आहेत, तिला इथं येता येत नाही. मी फक्त विचारलं, मी लहानपणी कशी निजायची. ती म्हणाली, "उताणी. तुया बाबानं पालथं कदी निजूच नाही देल्लं. उठून उठून पाहत." मी विचारलं, काहून? मग तिनं सांगितलं. मी तिच्या पोटात असताना जिनात कामाला एक बाई होती, तिचं लेकरू अंगावरचं होतं. एक दिवस ती त्याला उन्हात घेऊन उभी होती. तुम्ही काट्यावरून उठून तिला जागा दाखवलीत. तिकडं सावलीत, कापसाच्या ढिगावर टाक, मऊ आहे. तिनं पोटावर निजवलं. जेवायच्या सुट्टीत ती त्याला पाजायला गेली, तर लेकरू गार पडलं होतं. लोक म्हणाले, काही चावलं असेल. कोणी म्हणालं, नजर लागली. अंगावर कुठंच काही नव्हतं. "तुया बाबानं मले एकदाच सांगतलं," आई म्हणाली, "अन् म्हणे, पुन्हा विचारू नोको."

फोन ठेवल्यावर मी ती गादी माळ्यावर टाकली. पण तेवढ्यानं भीती जात नाही. तुम्हाला तर हे ठाऊकच आहे. आता पाळण्यात सतरंजीची घट्ट घडी आहे, वर ताणून बसवलेली चादर. दुलई नाही, थंडीसाठी अंगातच दोन झबली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे ती पूर्ण निजायच्या आधीच तिला ठेवते, आधी कुल्ले टेकवते, मग पाठ, शेवटी डोकं, आणि छातीवर हात ठेवून बसते. तिचे हात उडाले तर त्यांना माझा हात सापडतो. पहिले दोन दिवस काही उपयोग झाला नाही, रडून रडून घसा बसला तिचा. मी पण रडले. काल पंचवीस मिनिटं. आज इतकी. ती आता कुशीकडे वळू पाहते, म्हणजे नवी भीती सुरू होईल. फेब्रुवारीच्या शेवटी माझी रजा संपते. मी पंचायत समितीत साडेदहा ते साडेपाच बसणार, आणि ती कोणापाशी असणार? सासूबाईंपाशीच. ज्यांनी ते केलं नाही त्यांच्यावर लक्ष ठेव असं हे मला सांगतात, आणि जिनं केलं तिच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही.

सकाळच्या फोनवर मी त्यांना या म्हटलं. त्या म्हणाल्या, "उताणीच निजते काय आता?"

"हो. थोडी थोडी."

"पाय गार नाही ना पडत तिचे?"

"नाही. मोजे घालते."

"सोमवारी येतो मंग." मग फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "तू झोप घेत जाय वो माय." बाकी काही नाही.

उद्या हे येतील. त्यांना सांगेन. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, हे तिसऱ्यांदा आहे. ते रागावतील याची भीती नाही. ते मला तिच्यापाशी एकटीला सोडायला घाबरतील, याची आहे. आणि ते चूक ठरणार नाही, याची.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक राहिलेलं लिहिते. वर मी लिहिलं आहे, की मला यांच्या आवाजानं जाग आली. त्याआधी एकदा आली होती. मी डोळे उघडले, तिचं तोंड गादीत पूर्ण खाली होतं, ते मला दिसलं. आणि माझ्या मनात आलं, किती छान निजली आहे, निजू दे. मी डोळे मिटून घेतले.

पावणेचार झाले. ती अजून निजली आहे, पोट हलतं आहे. मी सकाळपासून जेवले नाही. कुकरमधला भात गार झाला असेल. ताटलीत वाढून घेते आणि इथं दारातच उभी राहून खाते.