पैलवानाचा डावा कान

प्रिय ताई,

विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये बसून लिहितोय. मांडीवर पाठकोरा फॉर्म आहे आणि पायांमध्ये पिंजऱ्यात तू माझ्याकडे सोडून गेलेला तुझा पैलवान. साडेनऊ किलो! तिकिटाच्या खिडकीतली बाई म्हणाली, हे मांजर आहे की वासरू? आठ किलोच्या वरचं सीटखाली घेत नाहीत, म्हणून तो खाली सामानाबरोबर आणि मी वर. इथे शेजारच्या खोक्यात रंगीत मासे चाललेत, एकेक हातभर लांब, आणि त्यातल्या एकाला तर चक्क मिश्या... असो.

घोळ झाला होता, ताई. नियम असा की पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मांजराचे कान छताला लागता कामा नयेत. मी माप घेतलं ते तो झोपलेला असताना. लांबी बरोबर, उंची राहिलीच. हस, हस! तपासनीसाने टॉर्च मारली आणि म्हणाला, कान टेकतोय, दुसरा पिंजरा आणा. कुठून आणू? डॉक्टरांचा दाखला दहा दिवसांचा, आज दहावा. विमान चुकलं की सगळं पहिल्यापासून, आणि तोवर याला ठेवू कुठे? खोलीची किल्ली सकाळीच घरमालकाला दिलीय. पाऊण तास उरलेला. मग आठवलं, मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा पेटीचं झाकण लागेना. मी वर बसून दाबत होतो आणि तू गुपचूप खालची चादर ओढून काढलीस. पैलवानाला तुझा वास यावा म्हणून तळाला तुझा निळा स्वेटर चार घड्या घालून ठेवला होता. तो काढला, पातळ कागद तेवढा ठेवला. तपासनीसाने वर दोन बोटं घालून पाहिली. मावली! शिक्का बसला.

जाता जाता त्याने विचारलं, एकच कान टेकत होता, दुसरा अर्धाच कसा? मी म्हटलं, जन्मापासून.

जन्मापासून नाही, ताई. गेल्या महिन्यात मी नवा पूल बघायला गेलो आणि खिडकी उघडी राहिली. अकरा दिवस हा सापडत नव्हता. त्या अकरा दिवसांत तुला रोज पाठवलेले फोटो जुने होते. तू लिहायचीस, केवढा गुटगुटीत झालाय रे! आणि मी तेव्हा गटारांत वाकून त्याला हाका मारत असायचो. शेवटी सुताराच्या फळ्यांमागे सापडला, डावा कान फाटलेला. पिंजरा माझ्याआधी तुझ्या हाती येईल आणि तुला आधी तो कान दिसेल, म्हणून हे पत्र पिंजऱ्याच्या दारालाच चिकटवतोय. माणसांच्या दाराने मी येतोच, तुझा स्वेटर घालून. बाह्या कोपरापर्यंतच येतात. रागवायचं ते तिथेच, सगळ्यांदेखत रागव. फक्त आधी त्याला बाहेर काढ, आणि उजव्या बाजूने हात लाव. डावीकडून अजून दचकतो.

तुझाच,
खिडकी उघडी टाकणारा धाकटा