मनुकांचं सरबत

गुरुवार, १ मे
आज मनुका ह्यांनीच भिजवल्या! "लेया, तू बस, मी करतो." हे व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून घरात दारूचा थेंब नाही. किद्दूशलाही आम्हा बेने इस्राएल ज्यूंत वाईन लागत नाहीच. मनुका रात्रभर भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला की घरच्या पुरुषाने प्याला उचलून किद्दूशचा आशीर्वाद म्हणायचा, सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा. सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारे हजान म्हणतात, तो घोट म्हणजे देवाने दिलेला आनंद.
असेल बाई! ह्यांच्या हातात प्याला दिसला की मी घोटच मोजत बसते.

शनिवार, ३ मे
शब्बाथ उतरला, तोवर लिहायचं नसतं, आता लिहिते. काल घोट घेतल्यावर ह्यांनी प्याला जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.
इस्राएलमधून, अश्दोदहून, लेकीचा फोन — "मम्मी, पप्पांवर जरा विश्वास ठेव ना!" तुला काय जातंय म्हणायला! तिकडे बसून!

मंगळवार, ६ मे
स्वयंपाकघरात आंबूस वास. उंदीर मेला की काय!

बुधवार, ७ मे
उंदीर नाही. तांदळाच्या डब्यामागे काचेची बरणी. तोंडाला फडकं बांधलेलं. आत मनुका — गुरुवारच्याच, थोड्या वेगळ्या काढून ठेवलेल्या. वर फेस. या उकाड्यात दुसरं काय होणार! थेंब जिभेवर ठेवला तर चुरचुरला. म्हणजे दारूच! देवाच्या नावाखाली?
विचारू? आणि खरं निघालं तर? परत शेजाऱ्यांनी धरून आणायचं, परत जिन्यात तमाशा. नाही हो, मला नाही झेपणार आता. खरंच नाही.
जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ घालायला बंदी आली का?" मी मीठ वाढलं.

गुरुवार, ८ मे
ओतली. सगळी. मोरीत. बरणी विसळून ओट्यावर पालथी घातली, दिसेल अशी. हे दळण घेऊन गिरणीत गेलेत, येतीलच. काय व्हायचं ते होवो.

शनिवार, १० मे
गुरुवारी आले, पालथी बरणी पुसून फळीवर ठेवून दिली. काल प्याला मांडलाच नाही, पावावरच किद्दूश म्हटला. जेवण झाल्यावर खाली मान घालून विचारलं, "ओतलीस?"
मी हो म्हटलं.
"बरं केलंस. चाखली नव्हती गं. रोज उघडायचो, वास घ्यायचो, परत बांधायचो. माझ्याने ओतवत नव्हती."