दोन्ही बाह्या सारख्या हव्यात

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मशीन चालवताना कटकट आवाज येतो म्हणाली होतीस, तो मशीनचा की गुडघ्याचा, याचा छडा लागला का? मशीनचा असेल तर तेल घाल आणि गुडघ्याचा असेल तर डॉक्टरकडे जा. घाईत उलट करू नकोस. मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, वर्गावर जातो. एकाच गावात राहून, तुझं दुकान दोन चौकांवर असताना हा मुलगा पत्र कसलं पाठवतो, असं तुला वाटेल. त्याचं कारण पुढे येईलच. (थोडक्यात सांगायचं तर समोर येऊन बोलायला मला तोंड उरलेलं नाही.)

तुला ठाऊक आहेच, शिवणशाळेतल्या माझ्या नोकरीत पोरांच्या कामाला गुण देणं हे मला सगळ्यात नावडतं. तुझं बरं होतं. मी शिवलेलं तू उजेडात धरायचीस आणि 'उसव' म्हणायचीस. का उसव, कुठून उसव, हे विचारायची सोय नव्हती. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की आपण मास्तर झालो तर असं करायचं नाही. झालो, आणि तेच केलं, फक्त आकड्यांत. जेवणाआधी तपासलेल्या शर्टाला बारा गुण आणि तसल्याच शर्टाला जेवणानंतर सोळा. (भुकेल्या माणसाला कॉलरीत फार चुका दिसतात.) पोरं विचारायची, सर, माझे चार गुण कुठे गेले? ते माझ्या पोटात गेले, हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून प्रशिक्षणात आम्हाला रुब्रिक शिकवलं तेव्हा मी हरखून गेलो. रुब्रिक म्हणजे एक तक्ता. कशाकशाला गुण द्यायचे ते एका बाजूला लिहायचं, आणि त्यापुढच्या रकान्यांत उत्तम काम कसं दिसतं, बरं कसं, कच्चं कसं, हे शब्दांत मांडायचं, तेही पोरांनी कापड कापायच्या आधी. मग मास्तरची भूक मध्ये येत नाही. कल्पना शंभर नंबरी आहे असं मी आजही म्हणतो. तू तक्त्याला नावं ठेवू नकोस, तो भरणाऱ्याला ठेव.

तो मी भरला. तोही असा, की जणू आजवर जगात कुणी शर्ट तपासलाच नव्हता. टीप सरळ, काजं सारख्या अंतरावर, कॉलरीची टोकं जुळलेली, दोन्ही खांदे समान, दोन्ही बाह्या सारख्या, खालची दुमड एका रेषेत, धागे कापलेले, इस्त्री कडक. पट्टीने मोजता येईल ते सगळं घेतलं आणि पट्टीने मोजता येत नाही ते सोडून दिलं. प्राचार्यांनी पाठ थोपटली आणि मला सगळ्या शिक्षकांपुढे बोलायला उभं केलं. मलाही शिंगं फुटली होती. मी म्हणालो, यापुढे आमच्या शाळेत गुण देताना माणसाचा संबंध उरणार नाही. टाळ्या पडल्या. आता ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

परीक्षेला शर्ट शिवायचा होता. वर्गात एक मुलगी आहे, खिडकीपाशी बसते म्हणून सगळे तिला खिडकीवाली म्हणतात. तिने आणलेल्या शर्टाचा उजवा खांदा बोटभर उतरलेला, उजवी बाही डावीहून लांब आणि दुमड तिरकी. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "अगं, दोन्ही बाह्या सारख्या नकोत का?" ती म्हणाली, "सर, बाबांचे हात सारखे नाहीत. जन्मभर एकाच खांद्यावर पोती वाहिलीत त्यांनी. तो खांदा खाली गेलाय आणि कोपर सरळ होत नाही." आत्या, मी काय केलं असेन? मी तक्ता पाहिला. खालून वर पाहिला, वरून खाली पाहिला, आणि तिला म्हणालो, "ते खरं असेल गं, पण बाबांसाठी यात रकाना नाही." ती "बरं सर" म्हणाली, शर्टाची घडी घातली आणि गेली. भांडली असती तर मी निदान चिडलो तरी असतो. तिला नापास करून मी शांतपणे पुढचा शर्ट घेतला. तो पट्टीवाल्याचा होता. (हा मुलगा जेवतानासुद्धा पट्टी जवळ ठेवतो.) त्याने तो वर्गातल्या लाकडी पुतळ्याच्या मापाने शिवला होता आणि त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी पूर्ण गुण दिले. आपल्या त्या पुतळ्याला हातच नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

ते प्रदर्शनाच्या दिवशी आलं. प्राचार्यांनी हौसेने पूर्ण गुणांचा शर्ट अंगावर चढवला. पुतळ्याची छाती आणि त्यांची छाती एकच निघाली, त्यामुळे बटणंही लागली. मग पाहुण्यांसमोर फलकावरचा पडदा बाजूला सारायला त्यांनी हात उचलला, आणि हात खांद्यातून वर जाईना. दुसराही जाईना. बगला इतक्या नेमक्या शिवल्या होत्या, की त्यांत फक्त उभं राहता येत होतं. शेवटी त्यांनी पडदा हनुवटीने सारला. भाषणात हातवारे केल्याशिवाय ज्यांना शब्द सुचत नाही असे ते गृहस्थ दोन्ही हात अंगाला चिकटवून बोलले, आणि आयुष्यात प्रथमच वेळेत थांबले. मागे सामानाच्या खोलीत शर्ट निघेना, तेव्हा मी तो कातरीने पाठीवर उभा कापला. मी कापत असताना ते मान न वळवता म्हणाले, "यालाच पूर्ण गुण ना?" मी हो म्हणालो. माझ्यावरचा त्यांचा विश्वास काही कापला गेला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

इथवर तू हसली असशील तर हसून घे, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही. मी खोलीतून बाहेर आलो तर दारात एक माणूस उभा होता. उतरलेला खांदा, दुमडलेलं कोपर, आणि अंगात तो शर्ट. त्याच्या अंगावर तो शर्ट सरळ दिसत होता, आत्या. खांदे सारखे, बाह्या सारख्या, दुमड एका रेषेत. माझ्या तक्त्यातलं सगळं तिथे होतं, फक्त आत माणूस असावा लागत होता. तो म्हणाला, "मास्तर, मी पोरीचा बाप. शर्ट असा कधी बसला नव्हता बघा मला. आरशात मी वाकडा दिसत नाही. पहिला नंबर दिलात का तिला?" तिने त्याला काही सांगितलंच नव्हतं. आणि मी, तुझ्या हाताखाली वाढलेला, काय म्हणालो? "छान, छान, चहा घ्या," म्हणालो आणि खुर्च्या मोजायचं निमित्त करून पळालो. मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

आता मुद्दा. प्रमाणपत्राशिवाय तिला कपड्यांच्या कारखान्यात घेणार नाहीत, आणि तिच्यासाठी ठेवलेली जागा ते महिनाअखेरपर्यंतच ठेवणार आहेत. निकाल बदलता येतो, पण त्यासाठी परीक्षकाने स्वतः लिहून द्यावं लागतं, की तपासणी माझी चुकली. अर्ज मी लिहिला आहे. तो खिशात घालून वरच्या मजल्यावर प्राचार्यांकडे रोज जातो. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली माझा तक्ता ठेवलेला दिसतो. मग मी खडू मागतो. काल त्यांनी विचारलं, एवढ्या खडूंचं करता काय? माझ्या कपाटात आता दुसऱ्या शाळेला पुरतील इतके खडू आहेत.

असो. औषधं वेळेवर घे. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग, हकिगत सांगू नकोस.

तुझा, मान खाली घालून लिहिणारा,
भाचा

ता. क. गुडघ्यांची चौकशी मनापासून केली आहे, पण पत्र त्यासाठी नाही. प्राचार्य पँटी सैल करून घ्यायला तुझ्याकडेच येतात ना? सोबत माझा अर्ज आहे. तो त्यांच्या पँटीच्या घडीत ठेवून दे. तू काही बोलू नकोस. घरी गेल्यावर त्यांना आपोआप सापडेल, आणि मी तेव्हा समोर नसेन.

आणखी एक ता. क. वरचं पुन्हा वाचलं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या पँटीत घालून पाठवणारा मास्तर, असं तू म्हणण्याआधी मीच म्हणून घेतो. तरीही, पाकिटात अर्ज नसेल तर तो वाटेत पडला असं समजू नकोस. चिकटवायच्या आधी मी काढून घेतला असं समज. मग हातातलं काम टाक, ये, आणि माझा कान धरून मला वर ने. गुडघे दुखत असले तरी ये. कारखानावाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत, आणि माझा मला भरवसा नाही.