"ते" म्हणजे कोण

बाई, तुम्ही दिलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच्या पाठीला दोनदा चिकटपट्टी लावून झाली. मला पेपरात भाषांतराचं काम लागलं, त्या रविवारी उपासनेनंतर तुम्ही मला घरी नेलंत, स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत आणि चहा ओतता ओतता म्हणालात, "दुसऱ्याचं बोलणं असं न्यायचं असतं. आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यांचं खाली सांडायचं नाही." उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढलेला तुमचा हात, कप काठोकाठ भरला तरी बशी कोरडी राहिली. मी त्या वाक्याबद्दलच लिहायला बसले आहे.

पुढच्याच मार्चमध्ये परदेशातून चार पाहुणे आले. आठ दिवसांची सेवा, असं पाळकांनी चर्चमध्ये जाहीर केलं होतं. राधानगरीच्या पुढं, जंगलात, रस्ता संपल्यावर दोन तास चढून जावं लागणारा एक धनगरवाडा त्यातल्या शेवटच्या दिवसासाठी ठरला. तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी औषधांची जबाबदारी तुमच्याकडे आली आणि दुभाषी म्हणून तुम्ही मला ओढलंत. जीपमध्येच तुम्ही सगळ्यांना दम भरलात. "वर गेल्यावर प्रभूचं नाव आपणहून काढायचं नाही. आधी जखमा, आधी गोळ्या. त्यांनी विचारलं तर सांगू. आजारी माणसाच्या उशाशी बसून धर्म विकायचा नसतो." मी ते पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, जरा मऊ करून. म्हणजे सांडायला सुरुवात तिथूनच झाली होती.

वाड्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सात-आठ घरं, कुडाच्या भिंती, दावणीला म्हशी. एक म्हातारे धनगरबाबा पाहुण्यांतल्या सगळ्यात उंच माणसाकडे बघत राहिले आणि तुम्हाला म्हणाले, "ओ बाई, ह्यो पावणा एवढा पांढरा कशानं? लोण्यात बुडवून काढलाय का काय ह्याला?" तुम्ही पिशवीतून डोकं वर न काढता म्हणालात, "व्हय. उन्हात ठिवू नगासा, इतळंल. सावलीला बसवा की." अख्खा वाडा हसला. पाहुणाही हसला, काय झालं ते न कळता. चांगला माणूस होता तो. त्याच्या गावी सुतारकाम करायचा, हेही मला आठवतं.

शेवटच्या घरात ती मुलगी होती. दहा-अकरा वर्षांची, बारा दिवसांचा ताप. तुम्ही तिच्या पोटावर हात ठेवलात आणि तुमचा चेहरा बदलला. बाहेर येऊन तुम्ही तिच्या बापाला सांगितलंत, "विषमज्वर हाय. पोट फुगलंया. आजच्या आज खाली न्या. आमची जीप हाय, थेट कोल्हापूरला नेतो." बाप म्हणाला, "नेतो की." शेजाऱ्याला घेऊन त्यानं बांबू तोडून आणला आणि त्याला घोंगडं बांधून झोळी केली. तेवढ्यात वरच्या घरातून ओल्या बाळंतिणीचं बोलावणं आलं. जाताना तुम्ही पिशवी त्या सुताराच्या हाती दिलीत. तुमचा स्टेथोस्कोप शेणात पडू नये म्हणून त्यानं तो गळ्यात अडकवला.

मी दारात उभी आहे. पाहुणा गुडघ्यावर बसून मुलीच्या कपाळावर हात ठेवतो, डोळे मिटून ओठ हलवतो. तुम्ही दिलेल्या गोळीनं तिला नुकताच घाम फुटला आहे. ती डोळे उघडते, ताक मागते. आई विचारते, "बरी हुईल न्हवं पोर माजी?" मी त्याला इंग्रजीत विचारते. तो मान वर करून म्हणतो, तो तिला बरं करील. तो म्हणजे प्रभू, हे मला कळतं. पण प्रभूचं नाव काढायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे. आणि नुसतं "तो" म्हणायला जीभ वळत नाही. समोर वयानं मोठा पाहुणा, त्यालाच अरे-तुरे केल्यासारखं होईल. म्हणून मी म्हणते, "ते तिला बरं करतील."

तो शब्द कुणाला जाऊन चिकटला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तुम्ही परतलात तेव्हा घोंगडं सोडून मुलीच्या अंगावर घातलं होतं आणि बांबू भिंतीला टेकवून ठेवला होता. "का ओ? निघायचं न्हवं?" बाप म्हणाला, "न्हाय न्यायची. हितंच बरी व्हतीया." तुम्ही समजावलंत, मग ओरडलात. "ताप उतरला म्हंजे दुखणं गेलं न्हाई! ऐका माझं!" आई म्हणाली, "तुमी गप बसा बाई. ताक प्याली पोरगी." तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "मी नसताना कुणी काही बोललं का गं?" मी म्हणाले, "नाही बाई. फक्त प्रार्थना केली." पाहुण्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. पायवाटेनं उतरताना तुम्ही तीनदा थांबून मागं पाहिलंत.

तिसऱ्या दिवशी ती गेली. वाड्यावरचं दूध खाली डेअरीत घालायला येणाऱ्या माणसाकडून पाळकांना निरोप आला. पाहुणे तोवर विमानात होते.

त्यानंतर तुम्ही कुठल्याच दौऱ्यावर गेला नाहीत. रविवारचा चहा चालू राहिला, पण बोलणं फिरून तिथंच यायचं. "मीच कमी पडले. म्हातारपणी आवाज राहिला नाही. पूर्वी मी दटावलं की माणसं ऐकायची." मी बशीकडे बघत ऐकायचे. एकदा तर मी तुमची समजूत काढली, की अडाणी माणसं, त्यांना कोण काय सांगणार. तेव्हा तुम्ही माझ्यावर जेवढ्या चिडलात तेवढ्या कधीच चिडला नव्हतात. "अडाणी? त्यानं बांबू तोडला होता, पोरी. तो निघाला होता."

ऑफिसात आता नवी मुलं माझी टिंगल करतात. बातमीत कुठंही सर्वनाम दिसलं की मी कॉपी परत पाठवते. "मॅडम विचारणार, ते म्हणजे कोण," असं एकमेकांना म्हणतात. सगळ्यांना ती माझी शिस्त वाटते.

वर मी लिहिलं आहे की तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ते खरं नाही, बाई. त्या आईनं वर पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्या गळ्यातल्या नळीकडे पाहिलं, मग खाली वाकून त्याच्या बुटांना हात लावला. बापानं कोयता घेतला आणि झोळीची गाठ कापली. मला दिसत होतं. "हे डॉक्टर नव्हेत, सुतार आहेत," एवढंच म्हणायचं होतं. पण पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आईचा चेहरा उजळला होता, आणि तो मला म्हणाला की तू फार सुंदर भाषांतर केलंस. ते मला आवडलं.

हा कागद शब्दकोशात ठेवून देईन. तुम्ही जाऊन आता वीसेक वर्षं झाली, त्यामुळे पत्र पाठवायला पत्ता नाही, असं म्हणता येईल. पण त्या मार्चनंतर तुम्ही आठ वर्षं होतात, आणि तुमचं घर माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर होतं.