पटाशीवरचा शिक्का

३ फेब्रुवारी

आजही तेच! गिऱ्हाईक आलं, माझ्या दादाने घडवलेली पटाशी हातात घेतली, उलटी केली, शिक्का वाचला आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली. "आपल्याकडचीच का?" धार बघितली नाही, मूठ धरून बघितली नाही. आधी देश, मग हत्यार!

मामंजी गल्ल्यावरून हसले. "सूनबाई, आपण शिक्का विकतो. पोलाद त्याच्याबरोबर फुकट!" सासऱ्यांचा विनोद, सुनेनं हसायचं. नाही हसले.

जर्मन माल समोरच्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली. माझ्या सख्ख्या भावाचा माल मागच्या खणात, खिळ्यांच्या शेजारी. तोही सुनेचा भाऊ म्हणून!

५ फेब्रुवारी

दादाच्या भट्टीवर जाऊन आले. भाता बंद. दादा ऐरणीवर बसला होता! आप्पा असते तर कान धरून उठवला असता.

"उन्हाळ्यापर्यंत बघतो," म्हणाला. "नाहीतर भट्टी बंद. जर्मनीतला एक हत्यारांचा कारखाना बोलावतोय."

वहिनी चहा गाळत होती. "जायचं तर जाऊ दे की," म्हणाली आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला. मीच फडकं घेतलं.

आप्पांनी लावलेली भट्टी. तिच्या धगीशेजारी बसून मी पाढे म्हटलेत. ती बंद? नाही बघवणार मला.

६ फेब्रुवारी

मामंजींना स्पष्टच विचारलं — दादाचा माल पुढच्या कपाटात का नाही? वाटलं होतं, चिडतील. चिडले नाहीत.

"अगं, एकदा आपल्याकडचीच छिन्नी मी खात्री देऊन विकली होती. पहिल्याच घावाला तुकडा उडाला. त्या माणसाचा डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून छाती होत नाही बघ. जर्मन म्हटलं की रात्री झोप लागते."

इतकी वर्षं मी समजत होते, नुसता तोरा आहे. ही तर भीती निघाली. वाईट वाटलं मला.

मग म्हणाले, "एक करू. भावाला सांग, शिक्का मारू नकोस. पुढच्या कपाटात ठेवतो. बाहेरची म्हणून हातोहात जाईल."

७ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. असा भडकला! "तो छाप आप्पांनी स्वतः कोरलाय. पोलाद माझं, घाम माझा, आणि बाप दुसऱ्याचा लावू?"

बरोबर आहे त्याचं. पण भट्टी?

११ फेब्रुवारी

आज मी शहाणपणा केला. स्वतःच्या हुशारीवर खूश होते सकाळी!

आमचे जुने गिऱ्हाईक सुतारकाका आले. मी दोन पटाश्या काढल्या, एक जर्मन, एक दादाची. दोन्हींच्या मुठींना आणि शिक्क्यांना चिकटपट्टी गुंडाळली. सागाचा एक तुकडा पुढे ठेवला. "काका, बघू, कुठली आवडते?"

काकांनी दोन्ही चालवल्या. मग एकच चालवत राहिले. लाकडाच्या पातळ सुरळ्या निघत होत्या. मामंजी गल्ला सोडून जवळ आले. "हीच!" काका म्हणाले. "लोण्यातून जातेय. हिचं पोलाद तापवून पाणी देणारा हात सोन्याचा आहे."

मी चिकटपट्टी सोलली. दादाची! मी अक्षरशः टाळी वाजवली.

काकांनी शिक्का वाचला. पुन्हा वाचला. मान खाली घालून म्हणाले, "मग ती दुसरीच दे पोरी."

"काका!!"

"अगं, हात म्हणतो ही. पण मी काम मागायला जातो ना, लोकांना माझा हात कुठे दिसतो? पिशवीतली हत्यारं दिसतात. जर्मन दिसली की म्हणतात, सुतार चांगला दिसतोय. ही दिसली की भाव पाडतात."

रागावताही येईना. जर्मन बांधून दिली. दारातून परत वळून म्हणाले, "भावाला सांग हं, हात सोन्याचा आहे." हे सांगून काय त्याची भट्टी पेटणार आहे?

१२ फेब्रुवारी

कालचा तो सागाचा तुकडा मामंजींनी टाकू दिला नाही.

२ मार्च

दादा जर्मनीला गेला, उन्हाळ्याआधीच. आधीपासून चाललेली चौकशी, परवानगी, सगळं भराभर जुळून आलं. नको होतं तेव्हा बरं जुळतं!

बॅग भरताना त्याने कपड्यांत स्वतःची एक पटाशी गुंडाळली. वहिनी म्हणाली, "तिकडे पटाश्यांचे डोंगर असतील. ही कशाला?"

"असू दे गं. ओळखीचं कुणीतरी बरोबर हवं."

गाडी वळेपर्यंत वहिनी हसत होती. मग माझ्या खांद्यावर कोसळली. मीही रडले, पोटभर.

९ मार्च

भंगारवाला भट्टीवर येऊन गेला. ऐरण पायाने ढोसून बघत होता, मेला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मामंजी! हे कधी आले?

"ती विकायची नाही. माझ्या दुकानात जागा आहे."

आता ऐरण काचेच्या कपाटाला लागून आहे. गिऱ्हाइकं अडखळतात, शिव्या घालतात. मामंजी म्हणतात, "अडखळू देत."

२८ मार्च

मामंजी ऐरणीवरची धूळ पुसतात. मी बघत नाही असं त्यांना वाटतं.

१९ एप्रिल

दादाचा फोन!

कारखान्याजवळच्या एका म्हाताऱ्या सुताराने दादाची पटाशी सहज हातात घेतली. उलटी केली. शिक्का वाचला — आणि सगळ्यांना हाका मारल्या म्हणे, "बघा, बाहेरची आहे!" आमच्याकडे आता अशी कुठे बनते, म्हणतात. तिथले सुतार! त्यांना हव्यात. पुष्कळ हव्यात. आणि शिक्क्यासकट, आप्पांच्याच!

दादा परत येतोय, भट्टी पेटवायला. मी मामंजींना सांगितलं. आता ऐरण परत न्यायला हातगाडी शोधायला गेलेत, चपला इथेच विसरून.